चरईतले सायकलवाले काका: पाचपैकी चार तारे, एक बोल्टपायी कापला

ठाण्यातल्या चरईत, तलावपाळीपासून चालत सात मिनिटांवर हे दुकान आहे. नाव विचारू नका. पाटीवर ‘सायकल मार्ट’ एवढंच उरलंय. त्याआधीचा शब्द ठाण्याच्या पावसाने धुऊन नेला आणि काकांनी तो पुन्हा काही रंगवून घेतला नाही. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला ब्लाउज शिवणाऱ्या ताई, मधे दहा बाय बारा फुटांची ही जागा. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. मी तीन आठवडे बहुतेक फुटपाथवरच होते.

माझं काम जरा वेगळं होतं. लेक व्हिएन्नात शिकते. सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हाच मी मनाशी धरलं होतं की एक दिवस एकटीने, सायकलवरून, डॅन्यूबच्या काठाकाठाने स्लोव्हाकियात शिरायचं. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा. दोन देशांच्या राजधान्या आणि मधे जेमतेम सत्तर किलोमीटर. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या सायकलमार्गाचाच हा एक तुकडा.

“तिथे भाड्याने मिळते की,” सगळ्यांनी ऐकवलं, लेकीनेसुद्धा. मिळते. पण माझी उंची चार फूट अकरा इंच, आणि भाड्याच्या सायकली तिथल्या माणसांच्या मापाच्या. शिवाय तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. एकावन्नाव्या वर्षी परक्या रस्त्यावर घाईत भलताच ब्रेक दाबून तोंडावर पडायची मला हौस नव्हती. म्हणून आपलीच न्यायची. जुनी स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, साधे व्ही-ब्रेक.

आधी मी घोडबंदर रोडच्या एका चकचकीत शोरूममध्ये गेले होते. तिथल्या मुलाने सायकलकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि नवीन मॉडेलं दाखवायला लागला. मग शेजारणीने काकांचं नाव काढलं.

काकांनी पहिल्या दिवशी पान्याला हातच लावला नाही. सायकल भिंतीला टेकवली, मला वर बसवलं, पेडल आडवे धरायला लावले आणि खणातून गवंड्याचा ओळंबा काढला. माझ्या गुडघ्याच्या वाटीपाशी दोरी धरली. खालचं पितळी वजन डोलत डोलत थांबलं, ते पेडलच्या दांड्याच्या चांगलं दोन बोटं पुढे.

“ताई, चढाला गुडघा दुखतो ना?”

दुखायचा. येऊरच्या जंगलातल्या चढावर दोन वर्षं दुखत होता आणि मी तो वयाच्या खात्यावर मांडून मोकळी झाले होते. कारण निघालं भलतंच. मला हँडल लांब पडतं म्हणून आधीच्या कुणी मेकॅनिकने सीट पुढे सरकवून ठेवली होती. हँडल जवळ आलं, गुडघा बिघडला. काकांनी सीट मागे घेतली, पुढचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आडवा तुकडा, काढून आखूड लावला आणि पुन्हा ओळंबा धरला. आता दोरी बरोब्बर दांड्यावर. त्या रविवारी येऊरला जाऊन आले. परत येताना जिन्याचा कठडा धरावा लागला नाही.

पुढे खटका उडाला तो गिअरवरून. काकांनी मागचा चक्रांचा संच बदलायचा म्हटलं, सगळ्यात मोठं चक्र ३४ दातांचं, म्हणजे चढाला पेडल हलकं. मी म्हटलं, काका, नदीकाठचा सपाट रस्ता आहे, मी काही कोकणातले घाट चढायला चालले नाहीये. ते म्हणाले, “वाऱ्याला चढच समजायचं, ताई.” चेन धरून ३,२०० रुपये. मनात म्हटलं, आता हे मला कापतायत. तरी हो म्हटलं, कारण गुडघ्याचं ऋण होतं.

सायकल खोक्यात भरायचं कामही यांच्याकडेच. पण नुसतं भरून देत नाहीत, ते तुमच्याकडून करून घेतात. दोनदा मला सायकल सोडवायला आणि पुन्हा जोडायला लावली, एकदा तर भर संध्याकाळी फुटपाथवर, येणारेजाणारे बघत असताना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो सोडवताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, हे मला वाचून माहीत होतं. तरी दोन्ही वेळा मी तो आवळतच बसले. “घरून नेलपॉलिश आणा,” म्हणाले. सीटच्या दांड्यावर आणि हँडलवर जिथवर बसवायचं तिथे लाल रेघा ओढल्या, म्हणजे तिकडे जोडताना माप चुकायला नको. फ्रेमला ओरखडे पडू नयेत म्हणून एसीच्या पाइपवर चढवतात ते काळं फोम कापून गुंडाळलं. चाक काढल्यावर पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, दबू नये म्हणून मधे लाकडाचा ठोकळा. विमानतळावर खोकं साडेएकवीस किलो भरलं. व्हिएन्नात लेकीच्या इमारतीच्या पॅसेजमध्ये मी पाऊण तासात सायकल उभी केली. लाल रेघेला लाल रेघ.

आता ज्या दिवशी या सगळ्याची परीक्षा झाली, तो दिवस.

पावणेसातला निघाले. राइश्ब्रूक पुलावरून डॅन्यूबच्या मधल्या बेटावर. हे २१ किलोमीटर लांबीचं बेट माणसांनी केलेलं आहे, पुराचं पाणी वळवायला नदीला दुसरं पात्र खोदलं त्याच्या मातीचं. सकाळी तिथे पळणारे लोक, बदकं आणि मी. पुढे लोबाऊचं जंगल, त्यातच तेलाच्या टाक्यांचं आगार, आणि मग सुरू होतो पूर आडवणारा बांध. सरळसोट. एका बाजूला झाडी, दुसरीकडे शेतं, आणि माणूस नाही. आपल्याकडे खाडीकाठी असा बांध असता तर एव्हाना त्यावर मक्याचं कणीस भाजणारा बसला असता.

पूर्वेला जाताना वारा पाठीशी असतो, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं, कारण तिकडचा नेहमीचा वारा पश्चिमेचा. माझ्या नशिबी त्या दिवशी तो समोरून. उघड्या बांधावर वाऱ्याला आडकाठी कसली नाही. दहा-अकराच्या वर वेग जाईना. गाणं म्हणावं तर तोंडात वारा. अर्ध्या तासाने मी मुकाट्याने ते ३४ दातांचं चक्र लावलं आणि पाय फिरायला लागले. पुढचे दोन तास तेच लावलेलं होतं. ३,२०० रुपये तिथे वसूल.

ऑर्ट गावाच्या पुढे मागचं चाक बसलं. तलावपाळीच्या कट्ट्यावर काकांनी माझ्याकडून तीन वेळा पंक्चर काढून घेतलं होतं, तेव्हा मी वैतागले होते. त्यांची एक सवय सांगते, कारण ती कुठे शिकवत नाहीत. टायर चढवताना टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी बरोबर व्हॉल्व्हपाशी आणायचं. ट्यूबमध्ये भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजायचं, काटा तिथेच असतो. मी वीतभर मोजलं, आतून बोट फिरवलं, आणि टोचली. केसाएवढी बारीक तार, बाहेरून दिसतही नव्हती. ती न काढता नवी ट्यूब घातली असती तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. चिमट्याने ओढली, पाकिटात ठेवली, अजून आहे.

मी चाकाशी झटत असताना एक म्हातारं जोडपं सायकलवरून आलं. “ग्रूस गॉट” म्हणून थांबलं, मदत लागेल का विचारलं, माझ्या पितळी घंटीकडे बघून आजी हसल्या. ती घंटी काकांची. ऑस्ट्रियात सायकलला घंटी कायद्यानेच लागते, हे मी सांगितल्यावर त्यांनी माळ्यावरून जुनी, वाटीएवढी काढून दिली. पैसे घेतले नाहीत.

श्टोपफेनरॉइटच्या पाणथळ जंगलाशी थोडी थांबले. १९८४ च्या डिसेंबरात इथे जलविद्युत प्रकल्प होणार होता, हजारो लोक थंडीत जंगलातच ठाण मांडून बसले आणि काम थांबलं. पुढे १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला हे वाचून बरं वाटतं आणि थोडं वाईटही. पूल ओलांडून हाइनबुर्ग. तिथल्या जुन्या वेशीजवळच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

आणि इथून पुढे काकांची चूक.

वोल्फ्सथाल गावाच्या अलीकडे मागून टर्र आवाज आला. डावी बॅग कलंडून तारांना घासत होती. कॅरिअरचा खालचा डावा बोल्ट गायब. रस्त्यात कुठे पडला देव जाणे. उजवीकडचा पाहिला, तोही दोन आटे ढिला. लांब जाणाऱ्या सायकलच्या कॅरिअरला मागून लॉकनट तरी लावतात किंवा आट्यांना पक्का करणारा डिंक तरी, इथे दोन्ही नव्हतं. बॅग चाकात अडकली असती तर मी रस्त्यावर. एकटी. चांगलीच तापले.

मग दुधाची पिशवी उघडली. निघताना काकांनी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत काहीबाही भरून दिलं होतं, मी ते बघितलंही नव्हतं. चार केबल टाय, जुन्या ट्यूबचे तुकडे, चेनची जोडकडी, दात घासायचा ब्रश आणि कागदात गुंडाळलेले दोन बोल्ट. त्याच मापाचे. हाच माणूस बोल्ट ढिला ठेवतो आणि हाच दोन जादा बोल्ट बांधून देतो, याला काय म्हणावं? चार नंबरच्या एलन कीने बसवला, ट्यूबची पट्टी खाली घातली, वरून केबल टाय. ब्रातिस्लाव्हापर्यंत दर पाच किलोमीटरला उतरून चाचपत होते.

सरहद्द आली ती मोबाइलमुळे कळली, रोमिंगचा मेसेज टणकन वाजला. १९८९ पर्यंत इथे काटेरी तारा होत्या. स्लोव्हाकिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सरहद्दीवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, आला २१ डिसेंबर २००७ ला. व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं, ३०,००० युरोचा विमा, लेकीचं पत्र, एवढं जमवून मी जी सरहद्द गाठली, तिथे विचारायला कुत्रंही नव्हतं. मुलुंड चेकनाक्यावर यापेक्षा जास्त थांबलेय मी. पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये घामाने ओला झाला, तेवढंच. हेल्मेट मात्र होतंच. स्लोव्हाकियात गावाबाहेर ते मोठ्यांनाही सक्तीचं.

साडेचारला ब्रातिस्लाव्हाच्या एसएनपी पुलाखालच्या वाटेवरून, डोक्यावर गाड्यांचा गडगडाट ऐकत, जुन्या गावात. हालुश्की मागवली, बटाट्याच्या छोट्या उकडीच्या गोळ्या आणि मेंढीच्या दुधाचं खारट चीज. “बेझ स्लानिनि” सांगायला विसरू नका, नाहीतर वर डुकराचे तुकडे येतात. परतीला रेल्वे. तासाभरात व्हिएन्ना.

ठाण्यात आल्यावर पहिल्याच शनिवारी दुकानात गेले. बोल्टचं सांगितलं तेव्हा काका काही बोलले नाहीत. हातातलं काम बाजूला ठेवलं, सायकल उलटी केली, चारही बोल्ट काढले आणि मागून नायलॉनच्या कड्यांचे नट लावले. मग म्हणाले, “घाईत राहिलं, ताई.” घाई का झाली, तर गुरुवारी देतो म्हणालेली सायकल त्यांनी रविवारी रात्री नऊला दिली होती, आणि माझं विमान मंगळवारी पहाटे. हेही मी सांगितलं. त्यावर त्यांनी चहा मागवला.

जाणार असाल तर: अकराच्या आधी जाऊ नका, सोमवारी बंद. त्यांनी सांगितलेल्या दिवसात तीन दिवस मिळवा. माझं बिल ७,१५० रुपये: सर्व्हिसिंग १,५००, चक्रं आणि चेन ३,२००, स्टेम ९००, कॅरिअर बसवणं ३५०, पॅकिंग १,२००. क्यूआर कोड आहे, पण तो सुनेच्या खात्याचा, मेसेज तिला जातो आणि ती फोन करून सांगेपर्यंत तुम्हाला बसवून ठेवतात. रोख न्या. गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत या. आणि सायकल ताब्यात घेताना एलन की मागून घ्या, कॅरिअरचे चारही बोल्ट त्यांच्यासमोरच आवळून बघा. ते रागावत नाहीत. आता स्वतःच की पुढे करतात.