बेचकी की यंत्र: कुणाचं मूळ सापडतं?

जुन्या धनशोधक साधनाचा माग काढायचा, तर यंत्र सोयीचं. गेरहार्ड फिशर यांच्या ‘मेटॅलोस्कोप’ या धातुशोधक यंत्राला १९३७ साली अमेरिकी पेटंट मिळालं, आकृती, दावे, तारीख सगळं कागदावर. यंत्रावर पेटंट क्रमांक असला की निम्मं काम झालं.

बेचकीचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी किंवा धातू शोधायला हातात धरतात त्या दुफाट्याच्या फांदीचं, तसं नाही. फांदी वाळते, फेकली जाते. आपल्याकडच्या पाणाड्यांची तरी कुणी जपून ठेवलीय? पण मला रस तिच्यातच. १५५६ साली बाझलला छापलेल्या ॲग्रिकोला यांच्या खाणकामावरच्या लॅटिन ग्रंथात बेचकी धरून धातूची शीर शोधणारे लोक चित्रात दिसतात. चांदीसाठी हेझलची फांदी, तांब्यासाठी ॲशची, सोन्यासाठी तर चक्क लोखंडी कांडी, अशी वाटणीही नोंदवलीय. स्वतः ॲग्रिकोलांचा मात्र तिच्यावर भरवसा नव्हता.