सात महिने, सोळा रंग: जुनी चित्रं पिक्सेलमध्ये ट्रेस करताना

पिको-८ या संगणकावरच्या काल्पनिक गेम-कन्सोलची १६ रंगांची पॅलेट घेऊन सात महिने मी एकच उद्योग करतेय: जुनं चित्र खालच्या लेयरवर ठेवायचं आणि वरून ६४ बाय ६४च्या चौकटीत पिक्सेल भरायचे. त्याआधी पॅलेट-बिलेट काही नव्हतं. आयड्रॉपरने मूळ चित्रातूनच रंग उचलायचे. डच चित्रकार वर्मीरची ती मोत्याच्या कानातल्याची मुलगी, साधारण १६६५ची, पहिल्यांदा केली तेव्हा नुसत्या गालात एकोणीस रंग निघाले. गाल दिसत होता ओल आलेल्या भिंतीसारखा. तैलचित्राच्या फोटोत शेजारचे दोन ठिपकेसुद्धा एका रंगाचे नसतात. भेगा, व्हार्निश, फोटो जेपीजीत दाबताना पडलेला चुरा, सगळं आयड्रॉपर इमानेइतबारे उचलतो.

रंग सोळाच म्हटल्यावर मूळ रंग शोधणं आपोआप सुटलं. हा भाग किती उजेडात आहे, एवढंच बघायला लागले. तरी फसलेच. तिच्या निळ्या फेट्याला उजेडात चकचकीत निळा, मध्ये लव्हेंडर आणि सावलीत गडद निळा दिला. ऐकायला किती बरोबर वाटतं! पण घड्या दिसेचनात. वैतागून चित्र ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटांचं केलं, तर निळा आणि लव्हेंडर जवळजवळ एकच करडे. काळा ० आणि पांढरा २५५ अशा उजेडाच्या मापात निळा १४३ च्या आसपास, लव्हेंडर १२६, आणि गडद निळा एकदम ४३. मधली पायरीच नव्हती. ती निघाली गडद करड्यात, ८८ला. निळ्या कापडात करडा आधी मळकट वाटला, पण खुर्ची मागे सरकवून पाहिलं आणि घडी उमटली. लव्हेंडर आता फक्त निळ्याची कड मऊ करायला, एखाद-दुसरा पिक्सेल.

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी ग्रेस्केल. निळा आणि पोपटी तर तिथे वेगळे ओळखूच येत नाहीत, म्हणून दोघांना शेजारी बसवत नाही.

या पॅलेटमधला पांढराही पूर्ण पांढरा नाही, किंचित पिवळसर आहे. मोत्यावर त्याचं चीज झालं. वर्मीरने मोती जवळपास रेखाटलेलाच नाही: वर डावीकडे एक लख्ख ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरचं मंद प्रतिबिंब, बास. मी वर एक पांढरा पिक्सेल ठेवला, खाली दोन फिकट करडे, मधली जागा मानेच्या सावलीलाच सोडून दिली. मोती झाला! आधी त्याला गोल बाह्यरेषा काढून कडेपासून आत उजळवत नेलं होतं, ती उशी दिसत होती.

जपानी चित्रकार होकुसाईची लाट एका संध्याकाळीत झाली. मुळातच मोजक्या शाईंचा लाकडी ठसा, आपण फक्त पिक्सेल मोजायचे.

सवयीचं सांगायचं तर, ॲसप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये कलर मोड इंडेक्स्ड ठेवा. मग पॅलेटमधला एक रंग बदलला की तो जिथे जिथे आहे तिथे बदलतो. मूळ चित्राचा लेयर मोठे आकार बसले की बंद करा, नाहीतर हात पुन्हा आयड्रॉपरकडे जातो. आणि हयात चित्रकारांचं काम ट्रेस केलंत तर ते सरावाच्या फोल्डरमध्येच राहू द्या.

गाल मात्र अजून अडलाय. पीच २१५, तपकिरी १०५. मधल्या जागी उजेडाच्या हिशेबाने गुलाबी बसतो, पण जरा जास्त झाला की मुलगी लाजल्यासारखी दिसते. सध्या सहा पिक्सेल आहेत. काल सात होते.