जेएससाइक : ऑनलाइन प्रयोग शिकवताना

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ऑनलाइन प्रयोग शिकवण्यासाठी मी दोन वर्षांपासून जेएससाइक वापरत आहे. जोशुआ डी लीउ यांनी विकसित केलेले हे साधन मोफत आणि मुक्तस्रोत असून प्रयोग ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे सहभागी व्यक्तीला काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही.

वर्गात आम्ही स्ट्रूप चाचणी मराठीत करतो : हिरव्या अक्षरांत ‘लाल’ असे लिहिलेले दिसते आणि शब्द न वाचता रंग ओळखायचा असतो. देवनागरी शब्द दाखवण्यात अडचण येत नाही. अडचण येते ती उत्तर देताना, कारण आपल्याकडे बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक फोनवरच उघडतात. पहिल्या चाचणीत मी कळफलकावरील उत्तराचा घटक निवडला होता आणि फोनवरची मंडळी शब्दाकडे बघत बसून राहिली. चूक अर्थातच माझी. स्क्रीनवर बटणे देता येतात, पण मग बोट हलवण्याचा वेळही प्रतिक्रियाकालात, म्हणजे उत्तर द्यायला लागलेल्या वेळात मिसळतो, म्हणून फोन आणि संगणक यांवरील नोंदी आम्ही वेगळ्या ठेवतो. साध्या पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी एकदा ताजे होते, त्यामुळे वेळेच्या मोजणीत थोडा फरक पडू शकतो, याचे भान असावे. मात्र स्ट्रूपमध्ये तुलना त्याच व्यक्तीच्या दोन स्थितींची (शब्द आणि रंग जुळतात तेव्हाची व जुळत नाहीत तेव्हाची) असल्याने उपकरणाचा ठरावीक विलंब वजाबाकीत निघून जातो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आभासी सहभागींची सोय. साधन स्वतःच बनावट उत्तरे तयार करते आणि विद्यार्थ्यांना खरी माहिती गोळा करण्यापूर्वीच विश्लेषण करून पाहता येते. शब्द आणि रंग जुळत होते की नाही, हा रकानाच नोंदवायचा राहिला आहे, हे एका गटाला अशाच तालमीत कळले. एरवी ते शंभर लोकांनंतर कळले असते! सहभागी व्यक्ती मध्येच दुसऱ्या टॅबवर गेली, तर त्याचीही नोंद होते.

उणीव मोठी आहे : सहभागींची माहिती सर्व्हरवर साठवण्याची व्यवस्था यात नाही. त्यासाठी ऑनलाइन प्रयोगांची माहिती गोळा करणारे जाटोससारखे वेगळे साधन लागते आणि ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचे, तर विभागातील तांत्रिक मदतीशिवाय जमणे कठीण आहे. शिवाय प्रयोग जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहावा लागतो आणि त्यातला एक विसरलेला कंस विद्यार्थ्यांचा अख्खा तास खातो. ज्यांना कोड लिहायचाच नाही, त्यांनी सायकोपाय या प्रयोग रचण्याच्या दुसऱ्या साधनातला ‘बिल्डर’ पाहावा. त्यात प्रयोग चित्ररूपाने रचून वेबसाठी निर्यात करता येतो.