बॅटरी की अल्टरनेटर? खर्च करण्याआधी मोजा

सकाळी सेल्फ मारला आणि नुसतं 'टक् टक्' वाजलं, की आपण थेट बॅटरीच्या दुकानात जातो. मीही गेलो होतो. नवी बॅटरी पंधरा दिवसांत उतरली, कारण दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा होता. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी काहीच बदलत नाही.

सिगारेट सॉकेटमध्ये बसणारा व्होल्टमीटर सगळ्यात सोपा. चालत्या गाडीत चार्जिंग डोळ्यांसमोर राहतं. पण बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की सॉकेटही बंद, त्यामुळे बॅटरीची खरी स्थिती कळत नाही. वायरिंगमुळे आकडाही थोडा कमीच दिसतो.

घरी मल्टिमीटरच घ्या. डीसी 20 व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली, तर तीच थकली आहे. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 हवेत. मग हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावून थोडा रेस द्या. आकडा 13 च्या खाली घसरत गेला तर आधी बेल्ट आणि टर्मिनल बघा, नंतर अल्टरनेटर. 15 च्या वर गेला तर कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बिघडलाय. नव्या गाड्यांत ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) मुद्दाम चार्जिंग कमी करतो, म्हणून लोड न टाकता निकाल देऊ नका.

मल्टिमीटर एका ठिकाणी कमी पडतो: 12.6 दाखवणारी बॅटरीही लोडखाली मान टाकू शकते. तिथे दुकानातली लोड टेस्ट सरस, फक्त बॅटरी पूर्ण चार्ज करून न्या. उतरलेली बॅटरी चांगली असूनही नापास होते.

इंजिन चालू असताना टर्मिनल काढून बघायची जुनी पद्धत मात्र कुणी सुचवली तरी करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम जळू शकतो.

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी बंद? मग करंटची गळती शोधा. मल्टिमीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन निगेटिव्ह केबल काढून ती आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्या मधे जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. 50 मिलीअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा; ज्यावर आकडा पडेल, गळती त्याच लाइनवर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचाच फ्यूज उडेल.