अ‍ॅस्पायरमध्ये सपाट चित्राला उतार देताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

देव्हाऱ्याची दारं, चवथीचं मखर, चौकटींवरच्या पट्ट्या अशा कामांसाठी व्हेक्ट्रिक अ‍ॅस्पायर हे सीएनसी यंत्रावर (संगणकाने चालणाऱ्या कोरणी यंत्रावर) कापायचे उठाव घडवणारं सॉफ्टवेअर काही महिने सतत वापरल्यावर एक मत पक्कं झालं आहे. चित्र फुगवून उठाव काढणं हे त्याचं सोपं काम. पैसे वसूल होतात ते टिल्ट (आकार एका कडेने उचलून कलवणं) आणि फेड (आकाराची उंची एका बाजूला कमी करत नेणं) या दोन सोयींमुळे, आणि नेमक्या त्याच दोन सोयी बरेच जण उघडूनही बघत नाहीत.

कावीची, म्हणजे गोवा-कोकणातल्या भिंतींवरच्या तांबड्या-पांढऱ्या चित्रकलेची, एखादी नक्षी घ्या. चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवून वरचा थर खरवडलेला असतो, त्यामुळे रेषा स्वच्छ मिळते. पण कुठली पाकळी वर आणि कुठली खाली, हे चित्रात कुठेच नसतं. ते आधी कागदावर ठरवून प्रत्येक भागाला क्रमांक द्या. मग ट्रेसिंग, म्हणजे चित्रावरून रेषा काढणं. फोटोवरून आपोआप काढलेल्या व्हेक्टरवर (संगणकातल्या रेषेवर) गरजेपेक्षा कितीतरी जास्त नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) येतात. उंची कडेपासूनच्या अंतरावरून ठरत असल्यामुळे कडेचा प्रत्येक बारीक अडखळा उतारावर धारेसारखा वर चढतो. लाकडावर ती धार घासून काढायला जो वेळ जातो, त्याच्या निम्म्यात वक्र पुन्हा बसवून होतात. व्हेक्टर बंद हवेत आणि एकावर एक दोनदा पडलेल्या रेषा काढून टाकलेल्या हव्यात.

आता आकार. क्रिएट शेपमध्ये (बंद रेषेतून उठाव काढणाऱ्या साधनात) कोनी छेद निवडला, तर मधली उंची म्हणजे निम्मी रुंदी गुणिले कोनाचा टॅन्जंट. ३० अंशांवर ४० मिमी रुंद पाकळी साधारण ११.५ मिमी उठते आणि शेजारचा ८ मिमीचा देठ फक्त २.३ मिमी. गोल छेदातही रुंद भाग वर आणि अरुंद भाग खाली, हेच होतं. म्हणून सगळी नक्षी एकदम निवडून एकच कोन दिला, की पाकळ्या टम्म आणि वेल जमिनीला चिकटलेली दिसते. उंचीला मर्यादा घातली, तर माथे सपाट छाटले जातात. ठरावीक उंचीला स्केल करणं त्यापेक्षा बरं. मात्र त्यात उतार बदलतो हे धरून चाला. रुंदीचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी उंची देणं, हाच भरवशाचा मार्ग.

एवढं केलं तरी सगळे तुकडे एकाच पातळीवर बसलेले दिसतात. गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिरातलं छताचं कोरलेलं कमळ निरखून बघा, म्हणजे पाकळीचा कल किती काम करतो ते कळेल. अ‍ॅस्पायरमध्ये तो कल टिल्टने येतो. कंपोनंटच्या (उठावाच्या एका तुकड्याच्या) गुणधर्मांत टिल्ट चालू करा, पहिली क्लिक न हलणाऱ्या कडेवर, दुसरी जिकडे उचलायचं त्या दिशेला, मग कोन. ५० मिमी रुंद पाकळी ४ अंश आडवी कलवली, तर एक कड साडेतीन मिमी वर जाते. उठाव एकूण १० मिमी असेल, तर एवढं पुष्कळ झालं. अशी एक पाकळी तयार करून तिची मूळ प्रत वेगळ्या लपवलेल्या लेव्हलवर (थरावर) ठेवा, दुसरी बेक करा (म्हणजे तिचा कल कायमचा पक्का करा) आणि वर्तुळाकार नकला काढा. बेक केल्यावर कोन बदलता येत नाही, म्हणून ती मूळ प्रत लागतेच. नकलांचा कम्बाइन मोड (तुकडे एकमेकांत कसे मिसळायचे ते) मर्ज ठेवा. त्यात जिथे जी पाकळी उंच, तीच दिसते आणि प्रत्येक पाकळी शेजारणीखाली सरकते. इथे अ‍ॅड राहिलं, तर दोन्ही उंच्यांची बेरीज होऊन प्रत्येक जोडावर टेंगूळ येतं. उठाव बिघडण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

टिल्टने उचललेल्या कडेखाली उभी भिंत तयार होते. पाकळीवर पाकळी असेल तिथे ती हवीच. नक्षीच्या बाहेरच्या कडेला मात्र ती वाईट दिसते, आणि टेपर बॉलनोजने (गोल टोकाच्या निमुळत्या कटरने) ती सरळ कापलीही जात नाही. तिथे फेड वापरा, म्हणजे आकार हळूहळू पाटीत विरतो.

वेलीच्या पट्ट्यांना टू रेल स्वीप (दोन रेषांच्या, म्हणजे रेलच्या, मधून छेद ओढत नेऊन पट्टी घडवणं) उत्तम. दोन्ही रेलच्या दिशा सारख्या हव्यात, नाहीतर पृष्ठभागाला पीळ पडतो.

मॉडेलिंग रेझोल्यूशन (मॉडेल किती बिंदूंनी बनतं ते) पूर्ण जॉबवर (फाइलमध्ये ठरवलेल्या लाकडाच्या मापावर) पसरतं. आठ फुटी पाटीच्या जॉबमध्ये कोपऱ्यातलं छोटं कमळ काढलं, तर त्याच्या वाट्याला मोजकेच बिंदू येतात आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. कमळ त्याच्याच मापाच्या वेगळ्या जॉबमध्ये घडवा.

कटिंगचा हिशेब आधी करा. ३०० × ३०० मिमी भागावर ०.२५ मिमी स्टेपओव्हर (कटरच्या शेजारच्या दोन ओळींमधलं अंतर) म्हणजे १२०० फेऱ्या, ३६० मीटर चाल. मिनिटाला २ मीटर वेगाने किमान तीन तास. स्टेपओव्हर वरून सपाट मोजला जातो, त्यामुळे ६० अंशांच्या उतारावर दोन ओळींमधलं खरं अंतर दुप्पट होतं आणि रेघा दिसतात. उतार सौम्य ठेवण्याचं हेही एक कारण. रफिंगला (पहिल्या जाड कापणीला) ६ मिमी एंडमिल (सपाट टोकाचा कटर) आणि अर्धा मिमी लाकूड शिल्लक, मग फिनिशिंग (शेवटची बारीक कापणी). गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड दमट होतं आणि पातळ कडांवर तंतू उभे राहतात. फणस असो वा सागवान, कड फेडने शून्यावर नेण्याऐवजी अर्धा मिमी जाड सोडलेली बरी. वीज मध्येच जाण्याचे दिवस असतील, तर फिनिशिंगचे चार भाग करा, सीमा एकमेकींवर दोन मिमी चढवून.

किंमत मोठी आहे आणि सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. तयार थ्रीडी मॉडेल आणून कापायचं एवढंच काम असेल, तर त्याच कंपनीचं व्हीकार्व्ह प्रो पुरेसं. स्वतः उठाव घडवायचा असेल, तर आधी चाचणी आवृत्तीत एक कमळ पूर्ण करून पाहा: मॉडेलिंगची साधनं तिथे चालतात, फक्त स्वतःच्या कामाचा टूलपाथ (कटरचा मार्ग) बाहेर काढता येत नाही.