सातव्या दिवसाचा पेपर की तासाभराची मुलाखत? मेंटल हेल्थ नर्सिंगचं डिसर्टेशन ठरवताना

एम.एस्सी. नर्सिंगला मेंटल हेल्थ घेतलेल्या मुलामुलींचे फोन मला दरवर्षी साधारण एकाच सुमारास येऊ लागतात. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) विद्यापीठाकडे पाठवायची तारीख जवळ आलेली असते आणि गाईड रोज विचारत असतात. कॉलेजच्या लायब्ररीत जुनी डिसर्टेशन (पदवीचे प्रबंध) चाळली, तर बहुतेकांची नावं एकाच चालीवरची निघतात: अमुक विषयावरच्या स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचा तमुक गटाच्या ज्ञानावर होणारा परिणाम. मग प्रश्न येतो, ‘सर, हेच करू की मुलाखती घेऊन काही करू?’

मी दोन्ही केलं आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या गटाने प्रीटेस्ट-पोस्टटेस्ट (शिकवण्याआधी आणि नंतर तोच पेपर) केली, एम.एस्सी.ला मी मुलाखती घेतल्या. आता रत्नागिरी जिल्ह्यात शिकवतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या निमित्ताने दोन्ही प्रकार जवळून पाहतो. माझा कल कुठे आहे हे पुढे कळेलच, पण पहिल्या वाटेची बाजू आधी मांडतो.

कोकणात संशोधन करायचं तर अंतर हा मोठा मुद्दा आहे. मंडणगडहून सावंतवाडीला जायचं म्हटलं तरी अख्खा दिवस मोडतो. अशा ठिकाणी एका वर्गात ६० विद्यार्थिनी बसवल्या, पेपर वाटला, शिकवलं आणि सात दिवसांनी तोच पेपर पुन्हा घेतला की डेटा हातात येतो. टूल (म्हणजे प्रश्नावली) तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं, पायलट (छोटी रंगीत तालीम) करायचा, मास्टर शीट (सगळे गुण भरलेला तक्ता) स्टॅटिस्टिशियनकडे द्यायची. गाईडना ही वाट पाठ असते आणि परीक्षकांनाही. ज्यांना नोकरी सांभाळून किंवा घरचं सगळं बघून दोन वर्षांत पदवी पूर्ण करायची आहे, त्यांनी हा विचार केला तर त्यात कमीपणा नाही.

आकड्यांचं महत्त्वही मी नाकारत नाही. लंडन परिसरातल्या १५ रुग्णालयांच्या ३१ मनोरुग्ण वॉर्डांत लेन बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी ‘सेफवॉर्ड्स’ची चाचणी घेतली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. परिचारिकांच्या रोजच्या वागण्याबोलण्यातले दहा साधे बदल. त्यातून संघर्षाच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि अडवून धरणं, एकटं कोंडणं यांसारखे उपाय २६ टक्क्यांहून थोडे जास्त कमी झाले. मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये कुणी असा आकडा समोर ठेवला की मान डोलवावीच लागते. पण त्यांनी मोजलं काय, हे बघा. प्रत्येक पाळीत वॉर्डात प्रत्यक्ष काय घडलं, ते मोजलं. तुलनेच्या वॉर्डांनाही त्यांनी रिकामं ठेवलं नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांना शारीरिक आरोग्याचा वेगळा कार्यक्रम दिला. आपल्याकडे ‘क्वांटिटेटिव्ह’ (आकड्यांचं संशोधन) म्हणून जे होतं, त्यात बहुतेक वेळा मोजला जातो तो वर्गात सोडवलेला पेपर.

माझी वाट बदलली ती या पेपरमुळेच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

आमचा विषय होता रुग्णाशी उपचारात्मक संवाद. ३० प्रश्न, जी.एन.एम.च्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाच्या मुली. शिकवलं, सातव्या दिवशी पोस्टटेस्ट घेतली. गुण घसघशीत वाढले, पेअर्ड टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे आकडेशास्त्राच्या हिशेबात फरक लक्षणीय. आम्ही खूश होतो. पेपर गोळा करत असताना गुहागरकडची एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, ‘दादा, बाराव्या प्रश्नाचं उत्तर क, ते कळलं. पण परवा वॉर्डात एक मावशी माझा हातच सोडत नव्हत्या. माका घराक घेवन चल, एवढंच म्हणत होत्या. तेव्हा मी काय करायला हवं होतं?’

बारावा प्रश्न नेमका तोच होता: घरी न्या असं वारंवार म्हणणाऱ्या रुग्णाशी परिचारिकेने कसं बोलावं? उत्तर क, त्यांची भावना ओळखून शांतपणे ऐकून घ्यावं. तिने ते बरोबर लिहिलं होतं. मास्टर शीटमध्ये तिच्या नावापुढे त्या रकान्यात १ पडला. तिच्या खऱ्या प्रश्नाला आमच्या अभ्यासात कुठेच जागा नव्हती. त्यावर बोलायला मला सुचलंही नाही, कारण स्टॅटिस्टिशियनला संध्याकाळपर्यंत शीट द्यायची होती. ही गोष्ट मला पुढे कित्येक महिने टोचत राहिली.

त्यानंतर मी असे अभ्यास वेगळ्या नजरेने वाचू लागलो. गुण वाढणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. जे विचारायचं तेच आपण शिकवतो, आणि आठवड्याने तोच कागद पुढे ठेवतो. कंट्रोल ग्रुप (न शिकवलेला, तुलनेचा गट) घ्यायचा म्हटलं, तर आपल्याकडच्या छोट्या कॉलेजांत दोन्ही बॅचेस एकाच होस्टेलवर, एकाच मेसमध्ये जेवतात. दुपारी वाटलेली माहितीपत्रिका रात्री दुसऱ्या बॅचच्या उशाशी असते. मुलींनी एकमेकींना मदत करणं चांगलंच आहे, पण अभ्यासात ते धरलेलं नसतं. सात दिवसांनी आठवलेलं ज्ञान सात महिन्यांनी वॉर्डात वापरलं जातं का, हे मात्र जवळपास कुणीच पाहत नाही. माझा अनुभव थोडक्यांवर बेतलेला आहे, चांगले अपवाद असतीलच. तरी ज्या अभ्यासाचा निष्कर्ष सिनॉप्सिस लिहितानाच माहीत असतो, त्यासाठी दोन वर्षं द्यावीत असं मला मनापासून वाटत नाही.

दृष्टिकोन मोजणाऱ्या तयार प्रश्नावल्या वापरायच्या, तर आणखी एक अडचण येते. टेलर आणि डिअर यांची १९८१ ची ४० विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात. ती टोरोंटोतल्या निवासी वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून बनली. ‘तुमच्या वस्तीत मानसिक आरोग्य केंद्र आलं तर’ हा विचार आपल्या वाडीत मांडायचा कसा? दोन घरांमध्ये एक पऱ्ह्या (ओढा) आणि चार आगरं (नारळ-सुपारीच्या बागा) असतात. नुसतं भाषांतर आणि उलट भाषांतर करून हे सुटत नाही.

आता मुलाखती. मी पहिल्या सायकियाट्रिक पोस्टिंगहून (मनोरुग्ण वॉर्डातल्या प्रशिक्षणाहून) परतलेल्या १२ विद्यार्थ्यांशी बोललो. सुरुवातीचा प्रश्न एकच: ‘पहिल्या दिवशी वॉर्डात पाऊल टाकलंत तिथपासून सांगा.’ मला वाटलं होतं की मार बसण्याची भीती वर येईल. ती आली, पण लवकर ओसरली. जास्त बोललं गेलं ते घराबद्दल. कुणाच्या आईने निघताना अंगारा लावला, कुणाच्या आजीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, ‘तिथलं काही पोरीला लागू नये’ म्हणून. दोघींनी घरी वॉर्डाचं नावच सांगितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट अशी निघाली जी मी कुठल्याही प्रश्नावलीत वाचली नव्हती. काही जणांना वॉर्डात ओळखीचं माणूस भेटलं होतं. आपल्या वाडीतलं, मामाच्या गावचं, शाळेतल्या मैत्रिणीच्या घरचं. ओळख दाखवायची की नाही? त्या माणसानेच हाक मारली तर? गणपतीला गावी गेल्यावर त्यांच्या घरचे समोर आले तर काय बोलायचं? एका मुलाने सांगितलं की तो त्या काकांच्या खाटेकडे तीन दिवस गेलाच नाही. त्याच्या क्लिनिकल मूल्यमापनात बहुधा ‘रुग्णाशी संवाद कमी’ असं लिहिलं गेलं असेल. तो का कमी होता, हे मुलाखतीशिवाय कळलं नसतं.

हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्याची जी मांडणी केली, ती आपण सगळेच शिकवतो. तिच्यात परिचारिकेची पहिली भूमिका अनोळखी व्यक्तीची आहे. दोन परकी माणसं भेटतात आणि तिथून विश्वास वाढत जातो. मी मुलाखती घेतलेल्या या विद्यार्थ्यांना ती पहिली पायरी मिळालीच नव्हती. राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. रत्नागिरीचं १८८६ पासूनचं. आजूबाजूच्या तालुक्यांतले रुग्ण आणि तिथलीच शिकणारी मुलं यांची वाट एकच, तेव्हा ओळखी निघणं अटळ आहे. आता मी पोस्टिंगआधी एक तास फक्त यावर घेतो: ओळखीचं माणूस दिसलं तर इन्चार्ज सिस्टरना आधी सांगायचं, ओळख द्यायची की नाही हे रुग्णावर सोडायचं, आणि गावात त्या भेटीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा तास माझ्या डिसर्टेशनमधून आला.

मुलाखतींचा त्रास कमी नाही. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला मला पाच-सहा तास लागत. संगमेश्वरी आणि मालवणी बोलणाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवून पुन्हा इंग्रजीत आणायचे, तेव्हा प्रत्येक वाक्याशी झगडावं लागतं. ‘बाहेरचं असेल’ याला एक इंग्रजी शब्द शोधताना माझे दोन दिवस गेले, शेवटी तो मराठीतच ठेवून खाली अर्थ दिला. जुलैत घेतलेल्या दोन मुलाखतींत पत्र्यावरच्या पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं, त्या पुन्हा घ्याव्या लागल्या.

याहून मोठी जोखीम नात्याची. शिकवणाऱ्यासमोर विद्यार्थी शिक्षकाला आवडेल तेच बोलतो. म्हणून मी दुसऱ्या कॉलेजचे विद्यार्थी घेतले, आणि त्यांच्या अंतर्गत गुणांशी माझा काही संबंध नाही हे संमतिपत्रात लिहिलं. तुम्ही स्वतःच्याच विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेणार असाल तर माझा सल्ला ‘नको’ असाच राहील.

रुग्णांशीच बोलायचं असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ९९ आधी वाचा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची मुलाखत घेणं हेही त्यात संशोधन म्हणून धरलं आहे आणि त्यासाठी मुक्त, माहितीपूर्ण संमती लागते. जी व्यक्ती संमती देऊ शकत नाही, तिच्याबाबत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. दोन वर्षांच्या चौकटीत हे बसवणं कठीण जातं. विद्यार्थी किंवा स्टाफ नर्स घेतल्या तर इथिक्स कमिटी लागतेच, पण वाट त्यामानाने सरळ आहे.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) ‘सॅम्पल फक्त १२?’ हा प्रश्न येईल. घाबरू नका, तयारी ठेवा. मुलाखतींसारख्या अभ्यासांसाठीचे लिंकन आणि गुबा यांचे १९८५ चे विश्वासार्हतेचे निकष तुमच्या अभ्यासात कुठे आणि कसे पाळले, हे पानासकट दाखवता आलं पाहिजे. विश्लेषणाला ब्राउन आणि क्लार्क यांची २००६ ची सहा टप्प्यांची पद्धत किंवा कोलाइझी यांची १९७८ ची सात पायऱ्यांची पद्धत घ्या, पण एकच घ्या. मी कोलाइझी घेतली, कारण तिच्या शेवटच्या पायरीला निष्कर्ष सहभागी व्यक्तींना परत दाखवायचे असतात. मुलाखत दिलेल्या एका विद्यार्थिनीने तेव्हाच सांगितलं, ‘सर, तुम्ही लाज लिहिलंय. लाज नव्हती, त्यांची काळजी होती.’ मी थीमचं (मुलाखतींतून निघालेल्या त्या मुद्द्याचं) नाव बदललं.

कोकणाबद्दल आकडे नकोत, असं मी म्हणत नाही. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, म्हणजे मोजायला इथे भरपूर आहे. एका होस्टेलच्या ६० मुलींचे गुण ती पोकळी भरणार नाहीत, एवढंच.

ज्यांच्या गाईडना मुलाखतींच्या पद्धतीचा अनुभव नाही, किंवा ज्यांची रजाच मोजकी आहे, त्यांनी प्रीटेस्ट-पोस्टटेस्ट जरूर घ्यावी. फक्त तीन गोष्टी बदला. तुलनेचा गट खाडीपलीकडच्या दुसऱ्या कॉलेजातला घ्या. दुसरी पोस्टटेस्ट पोस्टिंग संपल्यावर घ्या. आणि पेपरसोबत वॉर्डात प्रत्यक्ष निरीक्षणाची छोटी चेकलिस्ट ठेवा, रुग्णाशेजारी बसून बोलणं किती वेळा घडलं एवढी एकच नोंद असली तरी चालेल. दोन्ही पद्धती एकत्र करण्याचा मोह मात्र टाळा. दोन वर्षांत दोन्ही अर्धवट राहतात, निदान मी पाहिलेल्यांची तरी राहिली.

पण वेळ आणि गाईड दोन्ही जमत असतील, तर मी मुलाखतींकडे वळा म्हणेन. दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी संपवा, नंतर मुलं गावाला जातात आणि मागोमाग पाऊस येतो. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एकाच विद्यार्थ्याशी तासभर बोला, ते बोलणं स्वतःच्या हाताने उतरवून काढा आणि तो कागद घेऊन गाईडकडे जा.