देव मानणं, न मानणं आणि मधलं सगळं: फोंड्यातल्या सहा रविवारच्या वर्गाचा अनुभव

आधी निकाल सांगते. पैसे वसूल. फी ६०० रुपये, सहा रविवार, सकाळी १० ते साडेबारा, चहा आणि ४८ पानांची पुस्तिका त्यातच. पाचपैकी चार स्टार देतेय, एक स्टार पुस्तिकेमुळे कापलाय आणि त्याबद्दल खाली सविस्तर लिहिणारच आहे कारण तो राग अजून गेलेला नाही. वर्ग गोव्यात, फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये झाला, एप्रिल-मेमध्ये, शिकवणारे सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले. विषय होता देव मानणाऱ्यांचे आणि न मानणाऱ्यांचे प्रकार, कोणाला नेमकं काय म्हणायचं आणि का.

मी गेले ते बाबांमुळे. बाबा ७६ वर्षांचे, मला कळतंय तेव्हापासून "देवबिव काही नाही" म्हणतात, घरात आरती चालू असली की बाहेर सोप्यावर पेपर वाचत बसतात, भांडत नाहीत, फक्त येत नाहीत. गेल्या वर्षी घराच्या वाटण्यांवरून काकांकडे बोलणी अडली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की देवीला कौल लावूया, म्हणजे मूर्तीची कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून तिचं उत्तर घेऊया. बाबाही आले. भटजींनी पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या मूर्तीवर चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही सगळे हात जोडून उभे. बाबांनी हात जोडले नाहीत, ते मागे खांबाला टेकून होते, पण मी वळून बघितलं तर त्यांची नजर त्या पाकळ्यांवरून हलत नव्हती, तोंड किंचित उघडं, श्वास धरलेला. दहाएक मिनिटं गेली असतील. पाकळी पडल्यावर हळूच मला विचारलं, "उजवी पडली न्हय गो?" तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की ह्या माणसाला म्हणायचं काय. आस्तिक म्हणवत नाही, नास्तिक म्हटलं तर ती नजर आठवते, आणि ढोंगी तर ते नाहीतच, इतका सरळ माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

पहिल्याच रविवारी सरांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि प्रत्येकाला आपण कोण ते एका शब्दात लिहायला सांगितलं. आम्ही तेवीस जण. बहुतेकांनी आस्तिक लिहिलं, चारपाच नास्तिक, दोघांनी "मधला" आणि एका मुलीनं "माहीत नाही". सरांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाले की इथे तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र कालवलेत, ते आधी सुटे करूया. देव आहे असं तुम्हाला वाटतं का, हा एक. तो आहे की नाही हे माणसाला कळू शकतं असं वाटतं का, हा दुसरा. आणि तुम्ही प्रत्यक्षात काय करता, नमस्कार, उपास, नवस, चर्चमधली मास, ते तिसरं. माझ्यासाठी सगळ्या वर्गाचा जीव इथेच होता. अज्ञेयवादी म्हणजे तळ्यात मळ्यात करणारा, धड इकडे ना तिकडे, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण इंग्रज शास्त्रज्ञ हक्सलेनं १८६९ मध्ये ह्यासाठीचा इंग्रजी शब्द, अॅग्नॉस्टिक, घडवला तो दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे जे मला माहीत नाही आणि जे सिद्ध करता येत नाही ते माहीत असल्याचा आव मी आणणार नाही, ह्यासाठी. त्यामुळे एखादा माणूस मनापासून भक्ती करत असतानाही म्हणू शकतो की खात्रीनं कळायचा मार्ग नाही, आणि दुसरा अजिबात न मानणाराही तेच म्हणू शकतो. दोघेही अज्ञेयवादी, पहिल्या प्रश्नावर मात्र अगदी उलट बाजूंना. हे ऐकून "मधला" लिहिणाऱ्या दोघांपैकी एकानं आपली चिठ्ठी परत मागून घेतली.

मग फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. "देव नाही असं मला वाटतं." आणि "देव आहे असं मला वाटत नाही." एवढ्यावर तासभर गेला आणि कोणाला कंटाळा आला नाही, हे मी शपथेवर सांगते. मराठीत आपण दुसरं वाक्य बोलतो आणि बहुतेक वेळा पहिलं म्हणायचं असतं. "पाऊस येईल असं वाटत नाही" म्हणजे आपल्या लेखी येणार नाही असंच. म्हणून आपल्या कानाला ह्यात फरकच लागत नाही, पण फरक मोठा आहे. सरांनी फणसाचं उदाहरण दिलं: समोरच्या न कापलेल्या फणसात गऱ्यांची संख्या सम आहे असं मी म्हटलं आणि तुम्ही ते मानलं नाहीत, तर तुम्ही ती विषम आहे असं मानलंत का? नाही ना. तुम्ही फक्त माझं म्हणणं स्वीकारलं नाहीत. तसंच न मानण्याचेही दोन प्रकार, एक ठामपणे "नाही" म्हणणारा, ह्याच्यावर पुरावा द्यायची जबाबदारी येते, आणि एक ज्याला "आहे" हे अजून पटलेलं नाही एवढंच. फेसबुकवर जी भांडणं होतात ना, त्यातली निम्मी ह्या दोन वाक्यांची गल्लत आहे असं माझं आता पक्कं मत झालंय.

मानणाऱ्यांचे प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी झाले. एकच देव मानणारे, अनेक मानणारे, इतर देव आहेत हे नाकारत नाहीत पण पूजतात एकालाच असे, देवानं जग घडवलं आणि नंतर त्यात लक्ष घालणं सोडलं असं म्हणणारे. हे भराभर उरकलं आणि ते बरंच झालं, कारण सरांनी वाचवलेला वेळ स्पिनोझावर घातला. निसर्ग आणि देव ही एकच वस्तू असं मांडणारा हा माणूस, ह्याचे पूर्वज पोर्तुगालमधले ज्यू, तिथल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाचातून निसटलेले. ह्याला अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं १६५६ मध्ये बहिष्कृत केलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पुढे कित्येकांनी त्याला नास्तिक म्हणून शिव्या दिल्या आणि शंभरावर वर्षांनी नोव्हालिस नावाच्या जर्मन कवीनं त्यालाच ईश्वराच्या धुंदीत असलेला माणूस म्हटलं! माणूस तोच, विचार तेच, बघणाऱ्यानं देव कशाला म्हणायचं ह्यावर लेबल ठरलं. आणि मग सर गोव्यावर आले. इथेही १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन होतंच. गार्सिया द ऑर्ता, ज्यानं गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलं, तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली, कारण काय तर तो आतून ज्यूच राहिला असा ठपका. कोण काय मानतो ह्याची व्याख्या करायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं ते ह्याहून वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या वेळी लाईट गेलेली, पंखे बंद, घामानं सगळे भिजलेले पण कोणी वारा घ्यायलासुद्धा उठलं नाही.

चौथा रविवार आपल्या दर्शनांचा, म्हणजे जुन्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखांचा. इथे माझी सगळ्यात जास्त समजूत बदलली. जुन्या संस्कृत वापरात नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हेच. मनुस्मृतीत सरळ आहे, "नास्तिको वेदनिन्दकः", वेदांना नावं ठेवणारा तो नास्तिक. पाणिनीच्या सूत्राचा अर्थ टीकाकार लावतात तो आणखी वेगळा, परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक. म्हणजे ईश्वर ह्यात कुठेच नाही. म्हणूनच सांख्य हे आस्तिक दर्शन, पण सांख्यकारिका ह्या त्यांच्या ग्रंथात जग चालवायला ईश्वर लागत नाही, प्रकृती (जड सृष्टी) आणि पुरुष (चेतना) पुरतात. मीमांसक तर यज्ञाच्या बाबतीत इतके कट्टर आणि तरीही जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना नको, वेद स्वयंसिद्ध बस झाले. उलट जैन नास्तिकांत मोडतात, पण परलोक मानतात, कर्म मानतात, तीर्थंकरांच्या मूर्ती पूजतात. सर म्हणाले इथून जवळ बांदोड्याला जुन्या जैन बस्तीचे अवशेष आहेत, जाऊन बघा, नास्तिकांचं देऊळ कसं असतं ते. मी त्याच संध्याकाळी जाऊन आले. आणि धर्मानंद कोसंबी आपले साखवाळचे, बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिलोनपर्यंत गेलेला माणूस, त्याला आस्तिक-नास्तिक ह्यातल्या कुठल्या खणात बसवणार? जुन्या अर्थानं तो नास्तिकच ठरतो, आणि श्रद्धा म्हणाल तर आपल्या दहा जणांची मिळून होणार नाही एवढी.

आता तक्रार. ही पुस्तिका कोणी तपासली होती देव जाणे. पान १२ वर नास्तिक म्हणजे वेद न मानणारा आणि पान १३ वर तोच शब्द देव न मानणाऱ्यासाठी, मध्ये एका ओळीचा खुलासा नाही. ज्या विषयात सगळा घोळच शब्दाच्या दोन अर्थांचा आहे तिथे हे चालतच नाही. ईश्वर न मानणाऱ्याला निरीश्वरवादी हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, तो वापरा ना. दुसरं, २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले सुमारे २८ लाख ६७ हजार लोक आहेत, ते पुस्तिकेत थेट "भारतातील नास्तिक" म्हणून छापलेत. धर्म न सांगणं ही एक गोष्ट, देव न मानणं ही पूर्ण वेगळी. आणि देव न मानणारे कितीतरी जण जनगणनेत निमूट हिंदू किंवा ख्रिश्चन लिहून मोकळे होतात. तिसरं आणि सगळ्यात वाईट, प्रकारांच्या यादीत शेवटी "अंधश्रद्धाळू" असा एक प्रकार घुसडलाय. अहो, तो प्रकार नव्हे, तो शेरा आहे. दाभोलकरांनीसुद्धा आयुष्यभर हेच सांगितलं की अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माबाबत तटस्थ आहे, विरोध शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, आणि देव मानणारे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होतेच. मी हे वर्गात उठून बोलले. सरांनी लगेच मान्य केलं, पुस्तिका आयोजकांनी परस्पर छापली असं म्हणाले. आयोजकांनी मात्र "पुढच्या वेळी बघू" म्हणून विषय संपवला, ते मला आवडलं नाही.

पाचव्या रविवारी गोव्यातल्या देवांचा विषय होता आणि त्याला जेमतेम अर्धा तास मिळाला, बाकीचा वेळ एका गृहस्थांनी खाल्ला ज्यांना फक्त आपलं ऐकवायचं होतं. खरं तर ह्यावर अख्खा रविवार हवा होता. सातेरी देवीचंच घ्या. रोयण, म्हणजे वारूळ, गाभाऱ्यात उभं आहे, वर मुखवटा, साडी. आहे की नाही हा प्रश्न तिला कोणी विचारतच नाही, ती समोर आहे. विचारतात ते पावते का. वेताळाला वहाणा वाहतात, राखणदाराला नारळ ठेवतात, तिथेही असण्याबद्दल बोलणं नाही, नातं सांभाळण्याबद्दल आहे. आणि सात बहिणी देवींची गोष्ट तर इथे सगळ्यांना ठाऊक, लईराय शिरगावला राहिली, मिराबाय म्हापशाला जाऊन मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरी माता, झाली. तिच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, मेणबत्ती लावणारा हिंदू एकेश्वरवादी की अनेकेश्वरवादी? वर्गातली कुडतरीची एक ख्रिश्चन मावशी म्हणाली की आमच्यात देव मानतो असं म्हणत नाहीत, "सत्मानतां" म्हणतात, आणि श्रद्धेला शब्द आहे भावार्थ. खरं मानणं वेगळं आणि मान देणं वेगळं. आपल्या मराठीतल्या "मानणं" मध्ये दोन्ही कोंबलंय. ती हे बोलली आणि मला बाबा दिसले, खांबाला टेकलेले.

शेवटच्या रविवारी मी बाबांची गोष्ट सांगितलीच. सरांनी कुठलाही शिक्का मारला नाही. म्हणाले, पहिल्या प्रश्नावर ते "पटलेलं नाही" म्हणतात, तिसऱ्यावर ते घरच्यांबरोबर उभे राहतात, आणि त्या दहा मिनिटांत त्यांना काय वाटलं ते तुम्ही त्यांनाच विचारा, आपण नाव देऊ नये. घरी येऊन विचारलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाकळी पडेपर्यंत भाऊ आणि मी एकाच गोष्टीकडे बघत होतो, बऱ्याच वर्षांनी."

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पुढची बॅच चतुर्थीनंतर आहे असं सांगितलंय. बसस्टँडवरून चालत दहा मिनिटं. वही स्वतःची न्या आणि पुस्तिकेतली पानं १२-१३ पेन्सिलनं दुरुस्त करून घ्या. खिडकीकडची रांग पकडा, हॉलमध्ये पंखे तीनच आहेत. जिन्याला एका बाजूला कठडा नाही, वयस्कर माणसं असतील तर हाताला धरून न्यावं लागतं, मी आयोजकांना हेही सांगून ठेवलंय कारण ह्या वेळी मी दोन नावं दिली आहेत, बाबांचं आणि काकांचं.